घरातला रीफ टँक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोड्या पाण्याचे मासे पाळून हात बसला, आता खाऱ्या पाण्यात कोरल लावायचे आहेत, अशा मंडळींचे नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं मुंबई-ठाणे-पुण्यात किंवा कोकणात १०० ते २०० लिटरची टाकी ठेवणाऱ्यांना धरून दिली आहेत. विदर्भ-मराठवाड्याचा संबंध मुख्यतः उन्हाळ्यापुरता येतो, तो तिथे सांगितला आहे.

रीफ टँक म्हणजे नेमकं काय?

खाऱ्या पाण्याची अशी टाकी, जिच्यात माशांबरोबर जिवंत कोरलही वाढतात. नुसते मासे आणि खडक असतील तर काम बरंच सोपं असतं, औषधं वापरता येतात, दिवा साधा चालतो. कोरल आले की चित्र पालटतं. कोरल हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याचं बरंचसं पोट त्या शैवालाने बनवलेल्या साखरेवर भरतं. त्यामुळे प्राण्यासाठी स्वच्छ, स्थिर पाणी आणि शैवालासाठी योग्य उजेड, अशा दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. पाणी फार तापलं की कोरल हे शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हेच संकट आलं होतं. तुमच्या हॉलमध्ये त्याला मे महिन्यातली एक दुपार पुरते.

कोरल घरी ठेवणं कायदेशीर आहे का?

हा प्रश्न बहुतेक जण खरेदी झाल्यावर विचारतात, म्हणून मुद्दाम वर घेतला आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांची भर पडली. खडक बांधणारे सगळे कठीण कोरल, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि सी फॅन हे त्यात येतात. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही. सगळे समुद्रघोडे आणि सी कुकुंबरही त्याच वेळी आत आले. आपल्या समुद्रातून यांतलं काहीही काढणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षं कैदेची आहे.

परदेशातून आलेल्या जिवांसाठी २०२२ ची दुरुस्ती महत्त्वाची. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे साइट्सच्या, यादीतले प्राणी आता कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत आणि ते जिवंत बाळगायचे तर केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. जगातले सगळे कठीण कोरल साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात मोडतात. तेव्हा दुकानदार "इंडोनेशियाचा फार्मचा माल आहे, बिनधास्त घ्या" म्हणाला की बिल, आयातीचा परवाना आणि साइट्सचा कागद मागायचा. "नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो" हे उत्तर आलं तर पिशवी खाली ठेवायची आणि निघायचं.

माझं मत विचाराल तर घरच्या छंदासाठी कठीण कोरलच्या वाटेला जाऊच नये. शंका उरली तर कांदळवन कक्षाच्या (ही वन विभागाचीच शाखा) किंवा जवळच्या वन विभागाच्या कार्यालयात विचारा. तिथे विचारलं म्हणून कुणी पकडत नाही.

मग ठेवायचं तरी काय?

मऊ कोरल आणि त्यांच्या जवळचे गट: लेदर कोरल, सिन्युलॅरिया, मशरूम, झोआ म्हणजे झोअँथिड, आणि झेनिया. हे वरच्या यादीतल्या गटांत बसत नाहीत. तरीही बिल घ्याच, आणि शक्यतो दुसऱ्या हौशी माणसाच्या टाकीत वाढलेले तुकडे घ्या. तुकड्यांना सगळे फ्रॅगच म्हणतात. कुणाच्या टाकीत वर्षभर रुजलेला फ्रॅग दुकानात कालच उतरलेल्या वसाहतीपेक्षा कितीतरी चिवट निघतो.

नवख्याने मशरूम आणि लेदरपासून सुरुवात करावी. लेदर अधूनमधून आठवडाभर मिटून बसतं, अंगावर मेणासारखा पापुद्रा धरतं आणि मग तो टाकून पुन्हा फुलतं. त्या आठवड्यात रोज फोटो पाठवून "मेलं का?" विचारायची गरज नसते. प्रवाह थोडा त्याच्यावर वळवा, पापुद्रा लवकर सुटतो. झेनियाचे हात सतत उघडमीट करतात, बघायला मजा येते, पण ते तणासारखं पसरतं. त्याला मुख्य खडकापासून दूर, वाळूतल्या सुट्या दगडावर ठेवा.

किनाऱ्यावर पडलेला मेलेला कोरल सजावटीला आणला तर?

नको. संरक्षण मेलेल्या प्राण्याला आणि त्याच्या अवशेषांनाही आहे. अंदमानहून परतताना विमानतळावर पर्यटकांच्या बॅगांतून असे तुकडे जप्त होतात. मालवणचा परिसर तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

महाराष्ट्राच्या समुद्रात कोरल आहेत तरी का?

आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आहेत, आणि कोकण किनाऱ्यापासून शंभरावर किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावर तर भरपूर आहेत. मुंबईतही आहेत. कोस्टल रोडच्या कामाआधी, २०२० मध्ये, वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे कोरल राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने दुसरीकडे हलवावे लागले होते. ओहोटीला पाहायला जरूर जा. हात लावू नका.

किती मोठी टाकी घ्यावी?

तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर सुमारे १९० लिटर. यापेक्षा लहान घ्यायला हरकत नाही, पण पाणी जितकं कमी तितकी प्रत्येक चूक लवकर भोवते. वीस-तीस लिटरची नॅनो टाकी दिसायला गोंडस असते आणि सांभाळायला सर्वांत कठीण. जागा कमी म्हणून नवख्याने तीच घ्यावी, हा सल्ला दुकानांत सर्रास मिळतो आणि उलटा आहे.

फ्लॅटच्या स्लॅबला वजन पेलेल का?

वरच्या मापाच्या टाकीचं पाणी, काच, खडक, वाळू, स्टँड आणि खालचा संप (यंत्रं ठेवायची जोडटाकी) धरला तर साडेतीनशे किलोच्या आसपास जातं. राहत्या खोल्यांची लादी भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आखलेली असते, आणि तो भार पूर्ण खोलीवर पसरलेला मानलेला असतो. आरसीसी इमारतीत तीन फुटी टाकी भिंतीलगत, खाली बीम असलेल्या बाजूला ठेवली तर सहसा अडचण येत नाही. चार फुटांच्या पुढे किंवा ३०० लिटरच्या पुढे जायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. गिरगाव-दादरच्या लाकडी तुळयांच्या चाळीत हा छंद करू नये.

वास्तूप्रमाणे टाकी कुठल्या दिशेला ठेवावी?

जिथे ऊन येत नाही, प्लग पॉइंट टाकीच्या थेट खाली नाही आणि मोरी फार लांब नाही, अशा दिशेला. घरातली मोठी माणसं ईशान्य म्हणाली आणि तिथे खिडकी असली तर पडदा जाड घ्या.

मुंबईत चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लागतोच का? पंखा चालणार नाही?

पाणी २५ ते २७ अंशांत राहायला हवं. २९ पर्यंत मऊ कोरल कुरकुरत तग धरतात, ३० च्या वर दिवस मोजायचे.

टाकीवरचा पंखा डेझर्ट कूलरच्याच तत्त्वावर चालतो: पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असेल तर हे उत्तम जमतं. म्हणून नागपूर-छत्रपती संभाजीनगरकडे एप्रिल-मेमध्ये साधा पंखा पाणी तीन-चार अंशांनी सहज उतरवतो, पण खोलीच चाळिशीला टेकली असेल तर तेवढ्याने भागत नाही. मुंबईत, कोकणात मे-जूनची हवा आधीच दमट. तिथे पंख्याने अंश-दीड अंश उतरतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा तेच. त्यामुळे किनाऱ्यावर चिलर हा चैनीचा भाग नाही, पहिल्या खरेदीचा भाग आहे. पैसे कमी पडत असतील तर दिवा मध्यम घ्या, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) लहान घ्या, मासे तर सगळ्यात शेवटी घ्या, पण चिलर आधी.

चिलरची गरम हवा खोलीतच सुटते. तो बंद कपाटात ठेवला तर स्वतःच्याच गरम हवेवर धापा टाकत राहतो. मागची जाळी उघडी ठेवा आणि महिन्यातून एकदा ब्रशने धूळ काढा.

पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हीटरही लागतो. मुंबईकरांचा हीटर बहुतेक खोक्यातच राहतो.

नळाचं पाणी वापरता येईल?

नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, नायट्रेट-फॉस्फेट असतात, जुन्या पाइपांतून तांबंही उतरतं. बोअर आणि टँकरच्या पाण्याचं तर विचारूच नका. आरओ-डीआय युनिटचं, म्हणजे आरओनंतर रेझिनने उरलेले क्षारही काढलेलं, टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं पाणी हवं.

स्वयंपाकघरातला आरओ चालत नाही, कारण पिण्याच्या यंत्रात चवीसाठी खनिजं परत घातलेली असतात किंवा थोडं कच्चं पाणी मिसळलेलं असतं. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस म्हणूनच ५० ते १०० दिसतो. त्याच कंपनीच्या माणसाकडून खनिजांचं काडतूस काढून, मिश्रणाचा कॉक बंद करून, पुढे डीआय रेझिनची नळी जोडून घेता येते. मेम्ब्रेनमधून वाया जाणारं पाणी लादी पुसायला ठेवा.

घर समुद्राजवळ आहे. तिथलंच पाणी आणलं तर?

जुहू, गिरगाव, माहीम, वाशीची खाडी यांचा विचारही नको. मालवण-देवगडकडे, नोव्हेंबर ते मे या काळात, होडीने आत जाऊन आणलेलं पाणी वापरता येतं. ते बारीक कापडातून गाळायचं, आठ-दहा दिवस अंधारात झाकून ठेवायचं आणि वापरण्यापूर्वी क्षारता, म्हणजे खारेपणा, मोजायची. पावसाळ्यात मात्र नद्यांचं गढूळ पाणी किनाऱ्यावर येतं, क्षारता घसरते आणि पार दिवाळीपर्यंत भरवसा नसतो. पाच महिने घरी केलेलं मिठाचं मिश्रण आणि सात महिने समुद्र, अशा धरसोडीपेक्षा बारमाही मिश्रण बरं.

मिठागराचं खडेमीठ घातलं तर? समुद्राचंच तर आहे.

समुद्रात विरघळलेल्या क्षारांपैकी वजनाने ८५ टक्क्यांच्या आसपास सोडियम आणि क्लोराइड असतात. उरलेल्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट येतात आणि कोरलचा जीव या उरलेल्यात असतो. मिठागरात मीठ आधी खाली बसतं आणि मॅग्नेशियमचे क्षार वरच्या कडू पाण्यात राहतात, ते पाणी काढून टाकतात. म्हणजे कोरलला जे हवं ते मागे राहिलं. बाजारातलं रीफ सॉल्टच घ्या.

मिश्रण कसं करायचं?

आधी पाणी, मग मीठ. उलट केलं तर कॅल्शियमचा साका तळाला बसतो आणि तो परत विरघळत नाही. १०० लिटरला कंपनीनुसार साडेतीन ते पावणेचार किलो लागतं. पंप लावून रात्रभर फिरवा. ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे विशिष्ट घनता १.०२५ ते १.०२६, हे लक्ष्य.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा वाचायची दुर्बिणीसारखी नळी) वापरा आणि तो ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवा. शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलेला स्वस्त मीटर ३५ ला दोन-तीन पीपीटी चुकलेला असू शकतो. काचेवर दोन थेंब टाका, झाकण हळू मिटा म्हणजे बुडबुडा राहणार नाही, अर्धा मिनिट थांबा, मग खिडकीकडे धरून वाचा. घाईने वाचलेला आकडा दर वेळी वेगळा येतो आणि मग माणूस मीठ घालत-काढत बसतो.

टाकीतून रोज लिटर-दीड लिटर पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर साध्या आरओ-डीआय पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नाही. नव्या लोकांची क्षारता हळूहळू ४० ला पोचते ती इथेच गफलत झाल्यामुळे. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) घेतलात तर हे काम डोक्यातून जातं.

टाकी भरली. मासे कधी सोडू?

चार ते सहा आठवड्यांनी. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, एका गटाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. हे जिवाणू खडकांवर बसायला वेळ घेतात. कोरडे खडक, बाटलीतले जिवाणू आणि अमोनियम क्लोराइडचं द्रावण घेऊन सुरू करा. द्रावण नसेल तर सोललेली एक कोळंबी जाळीत घालून सोडली तरी चालतं, फक्त घरात वास येतो. अमोनिया २ पीपीएमपर्यंत चढवल्यावर तो आणि नायट्राइट दोन्ही चोवीस तासांत शून्यावर आले की चक्र बसलं. "टेस्टिंगला" म्हणून स्वस्त डॅमसेल सोडायची जुनी रीत सोडून द्या. तो मासा जगला तर टाकीचा मालक होऊन बसतो आणि नंतर आलेल्या प्रत्येकाला हाणतो.

संप आणि स्किमर हवेतच का?

दोनशे लिटरच्या आतल्या, मऊ कोरल आणि दोन-तीन माशांच्या टाकीला नाही. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तरी भागतं. पण संप असला की चिलरची जोडणी, हीटर, टॉप-ऑफ हे सगळं खाली लपतं. स्किमर हवेचे बारीक बुडबुडे सोडून विरघळलेली घाण फेसात ओढतो आणि कपात काळपट रस्सा जमा करतो. तो एकदा हुंगला की यंत्राची उपयुक्तता पटते.

दिवा कोणता?

निळ्या-पांढऱ्या एलईडीचा रीफ दिवा. मऊ कोरलना ५० ते १५० पार (PAR, शैवालाला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पुष्कळ होतो. आठ-नऊ तासांपेक्षा जास्त नको. नवीन दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने लावू नका, तिशी-चाळिशी टक्क्यांपासून दर आठवड्याला थोडा वाढवा. उजेड कमी पडल्याने कोरल महिन्यांनी सुकतो, जास्त झाल्याने आठवड्यात.

कुठल्या चाचण्या करायच्या? आकडे किती हवेत?

क्षारता आणि तापमान रोज नजरेखाली. अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः पाण्यातल्या बायकार्बोनेटचा साठा, आठवड्याला, ८ ते ९ डीकेएच (हे तिचं एकक). नायट्रेट २ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१. कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, पण फक्त मऊ कोरल असतील तर पाणी बदलत राहिल्याने हे दोन आपोआप सांभाळले जातात. पीएच ८.१ ते ८.४ सांगतात. बंद एसी खोलीत माणसांच्या श्वासामुळे रात्री तो ७.९ ला येतो. त्यासाठी बाटल्या ओतू नका, खिडकी उघडा.

आकडा पुस्तकाप्रमाणे असण्यापेक्षा तो जागेवर राहणं महत्त्वाचं. ७.५ वर महिनोन् महिने थांबलेली अल्कलिनिटी ७ ते १० मध्ये झोके घेणाऱ्या अल्कलिनिटीपेक्षा केव्हाही बरी. ज्या गोष्टीची चाचणी करत नाही तिचं औषध घालायचं नाही.

काचेवर तपकिरी थर आलाय. बिघडलं का?

पहिल्या दोन महिन्यांत आला असेल तर ते डायटम, एक सूक्ष्म शैवाल, येतात आणि जातात. मग हिरवं शैवाल येतं, त्यासाठी टर्बो गोगलगायी आणि टूथब्रश. काही महिन्यांनी खडकांवर जांभळे ठिपके दिसले की समजा टाकी मुरते आहे.

तपकिरी थर शेंबडासारखा, बुडबुडे धरलेला, रात्री नाहीसा होऊन दुपारी परतणारा असेल तर डायनोफ्लॅजेलेट. हा उपद्रव बऱ्याचदा अतिस्वच्छ टाकीत होतो, जिथे नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणलेले असतात. त्यावर आणखी साफसफाई करणं हा उपाय नाही. माशांचं खाणं थोडं वाढवा, फॉस्फेट शोषणारी पावडर काढा.

मासे कोणते?

क्लाउनफिशची जोडी. सगळे क्लाउनफिश आधी नर असतात, जोडीतला मोठा, दांडगा मासा मादी होतो. म्हणून दोन लहान, पण थोड्या वेगळ्या आकाराचे घ्या, ते आपसांत ठरवतात. शिवाय हे हॅचरीत वाढलेले मिळतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे तंत्र आपल्याकडे बसवलं आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठाननेही हॅचरी उभारली आहे. जोडीला फायरफिश, एखादी गोबी, एखादा ब्लेनी, एक क्लीनर श्रिम्प. दोनशे लिटरला बस झालं.

दुकानात "डोरी" म्हणून मिळणारा निळा टँग हाताच्या बोटाएवढा दिसतो, पूर्ण वाढ फूटभर. मँडरिन देखणा, पण त्याला दिवसभर जिवंत सूक्ष्म कोपेपॉड हवेत, नव्या टाकीत तो उपाशी मरतो. बटरफ्लायफिशमधले बरेच कोरल खातात. क्रॉफर्ड मार्केट असो की चेन्नईचं कोळत्तूर, मासा तुमच्यासमोर खातो का हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पार्सलने रात्रभर प्रवास करून आलेल्या माशाला तासन् तास ड्रिप (टाकीचं पाणी पिशवीत थेंबथेंब सोडणं) लावू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगवून तापमान जुळवा. विलगीकरणाच्या टाकीची क्षारता पिशवीतल्या पाण्याएवढी आधीच करून ठेवा. मग उघडा आणि मासा लगेच जाळीने उचलून सोडा. पिशवीचं पाणी टाकीत नको.

क्लाउनफिशला अ‍ॅनिमोन लागतं ना?

कोरलचा हा फुलासारखा नातलग समुद्रात लागतो, घरात नाही. अ‍ॅनिमोनला जुनी, मुरलेली टाकी हवी. ते जागा आवडली नाही की चालत सुटतं आणि वेव्हमेकरमध्ये (पाणी घुसळणाऱ्या पंख्यात) चिरडतं. त्यानंतर सगळं पाणी बाद. एक वर्ष थांबा. तोवर जोडी लेदर कोरललाच घर मानेल, कधी कधी वेव्हमेकरलाही.

माशाच्या अंगावर मिठाचे कण दिसतात. काय घालू?

टाकीत काहीच नाही. हा बहुतेक मरीन इक, एका परजीवीचा रोग. याच्यावरचं हुकमी औषध तांबं, आणि तांब्याने कोरल, कोळंबी, गोगलगायी सगळे मरतात. सगळे मासे वेगळ्या, खडक-वाळू नसलेल्या टाकीत काढून तिथे उपचार करा. मुख्य टाकी मासे नसलेली, सुमारे ७६ दिवस ठेवली की परजीवी यजमानाअभावी संपतो. लसूण, हळद, आलं यांचे प्रयोग थांबवा. "रीफ सेफ" लिहिलेल्या बाटल्याही इकवर फारशा चालत नाहीत. नवा मासा आधी चार आठवडे वेगळा ठेवायची सवय लावलीत तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही.

झोआ विषारी असतात, हे खरं?

खरं, आणि गंभीरपणे घ्या. झोआच्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन असतं. हे निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक. साधं हाताळताना सहसा काही होत नाही. धोका तीन वेळी: कापताना तोंडावर चिळकांडी उडते तेव्हा, बोटावर जखम असते तेव्हा, आणि नको असलेले झोआ मारायला खडक उकळत्या पाण्यात घालतात तेव्हा. शेवटच्यात वाफेतून विष घरभर पसरतं आणि सगळं कुटुंब दवाखान्यात जाऊ शकतं. खडक कधीही उकळू नका, गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये नाही. कापताना हातमोजे आणि चष्मा. तोंडात धातूची चव, धाप, स्नायू दुखणं यांतलं काही झालं तर लगेच रुग्णालय गाठा आणि पॅलिटॉक्सिन हा शब्द डॉक्टरांना लिहून द्या.

लाइट गेली तर?

पहिला धोका प्राणवायूचा. कमी मासे असलेली टाकी काही तास तग धरते, पण पावसाळ्यात कोकणात वीज रात्रभरही जाते. बॅटरीवरचा एअर पंप घरात असायलाच हवा. घरच्या इन्व्हर्टरवर निदान एक वेव्हमेकर जोडा, तो जेमतेम दहा वॅट खातो. चिलर इन्व्हर्टरवर टाकू नका.

दुसरा धोका लादीचा. पंप थांबला की वरचं पाणी रिटर्न पाइपातून, म्हणजे संपमधून पाणी वर नेणाऱ्या नळीतून, उलटं संपमध्ये उतरतं. संप काठोकाठ भरलेला असेल तर सकाळी खालचे काका बेल वाजवतात. रिटर्नच्या नळीला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली बारीक भोक पाडा, हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. टाकी लावल्याच दिवशी मेन स्विच बंद करून हे तपासा, आणि ते भोक दर महिन्याला काडीने साफ करा.

उदबत्ती, धूप, डासांचं औषध, पेस्ट कंट्रोल?

देवघरातल्या उदबत्तीने टाकी मेल्याचं मी पाहिलेलं नाही. गणपतीत दहा दिवस बंद हॉलमध्ये धूप असेल तर स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढा, कारण स्किमर खोलीतलीच हवा पाण्यात घुसळतो. डासांच्या वड्या, लिक्विड मशीन आणि झुरळांचे स्प्रे यांत मात्र पायरेथ्रॉइड असतात आणि ती मासे व कोळंबीवर्गाला अगदी थोड्या प्रमाणातही मारतात. टाकीच्या खोलीत जाळी लावा. पेस्ट कंट्रोलवाल्याला जेल वापरायला सांगा. अंगाला डासांचं मलम किंवा हाताला सॅनिटायझर असेल तर हात टाकीत घालायचा नाही.

आमचं घर शाकाहारी आहे. फ्रीजरमध्ये मायसिस (माशांचं खाणं, गोठवलेली कोळंबीसारखी बारीक जीव) ठेवू देत नाहीत.

अगदी रास्त. क्लाउनफिश चांगल्या पेलेटवर आयुष्य काढतात, वर शैवालाचे नोरी कागद आहेत. पेलेटमध्येही मासळीची पूड असते, हे घरच्यांना आधीच सांगा. मऊ कोरलना वेगळं खाणं लागत नाही. गोठवलेलं द्यायचंच असेल तर जुना छोटा फ्रीज बाल्कनीत ठेवलेले लोक आहेत.

गणपतीला आठ दिवस गावी जातोय.

टॉप-ऑफचा पिंप भरून ठेवा. दिवसाला दीड लिटर धरलं तर बारा लिटर लागतात, वीस ठेवा. मासे तीन-चार दिवस उपाशी आरामात राहतात. शेजाऱ्यांना खाण्याचा डबा देऊ नका, प्रत्येक वेळची चिमूट गोळ्यांच्या खणाच्या डबीत घालून द्या. "बिचारे भुकेले दिसले" म्हणून ओतलेल्या खाण्याने उपासापेक्षा जास्त मासे मरतात. जायच्या आदल्या दिवशी नवं काहीही करायचं नाही, ना नवा मासा, ना नवा पंप.

खर्च किती? बिल किती येतं?

दोनशे लिटरच्या आतली नवी टाकी चिलर, दिवा, आरओ-डीआय धरून लाखाच्या घरात जाते, जुनं सामान घेतलं तर बरीच खाली येते. जुन्यात काच, स्टँड, संप बिनधास्त घ्या. चिलर चालवून बघून घ्या. तांब्याची औषधं वापरलेली टाकी किंवा खडक घेऊ नका.

विजेचं गणित असं: रिटर्न पंप २५ वॅट, वेव्हमेकर आणि स्किमर मिळून २०, हे चोवीस तास. दिवा ८० वॅट, आठ तास. चिलर २०० वॅट, उन्हाळ्यात दिवसाला दहा तास. बेरीज पावणेचार युनिट रोजची, महिन्याला ११० च्या आसपास. थंडीत चिलर झोपतो तेव्हा ५०-६०. खरा फटका स्लॅबचा. तुमचं बिल आज ९० युनिटांत बसत असेल तर महावितरणच्या १०० च्या पुढच्या दरात जाल.

छंद सोडायचा झाला तर मासे समुद्रात सोडू का?

नाही, मालवणला नाही, वर्सोव्यालाही नाही. हे मासे बहुतेक दुसऱ्या समुद्रातले, त्यांच्याबरोबर रोगही जातात. हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८० च्या दशकात फ्लोरिडाजवळ अटलांटिकमध्ये दिसला, बहुधा कुणाच्या तरी टाकीतून सुटलेला. आज तो पार कॅरिबियनभर पसरून तिथले लहान मासे फस्त करतो आहे. दुसऱ्या हौशी माणसाला द्या किंवा दुकानात परत करा. परिवेशवर नोंद असेल तर हस्तांतरही तिथे नोंदवा. खडक गोड्या पाण्यात काही दिवस भिजवून उन्हात वाळवा, पण झोआ असलेले नाही, ते आधी हातमोजे घालून वेगळे करा. उरलेलं खारं पाणी सोसायटीच्या बागेत ओतू नका, झाडं जळतात. ते बाथरूममधून सोडा.